बॅटरी उपाशी आहे की म्हातारी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, साडेतीन वर्षांपूर्वी बदललेली. गाडी आठवड्यातून दोन-तीनदा निघते, तीही भाजी, मुलीचा क्लास, बँक, म्हणजे फार तर चार-पाच किलोमीटर. गेल्या महिन्यात दोनदा सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टिकटिक झालं. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून चालू करावी लागली. बॅटरीवाला म्हणतो, गेली, नवीन घ्या. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, चार्ज करून बघा. आणि बॅटरीवरचा गोल डोळा तर हिरवाच दिसतो. मग खरं कोणाचं?

मी नाशिकला पंचवीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकलचं काम करतो आणि बॅटऱ्याही विकतो. म्हणजे ‘नवीन घ्या’ म्हणण्यात माझाही फायदा असतो, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मेकॅनिकचं म्हणणं आधी करून बघावं आणि बॅटरीवाल्याचं नंतर, असं माझं मत आहे. दोघंही बरोबर असू शकतात.

आधी त्या हिरव्या डोळ्याचं. कारच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. डोळा बसवलेला असतो त्यातल्या एकाच सेलमध्ये. आत एक छोटी गोळी असते, अ‍ॅसिड पुरेसं घट्ट असलं की ती वर येते आणि हिरवं दिसतं. बाकीच्या पाच सेलमध्ये काय चाललंय ते त्या गोळीला कळत नाही. शिवाय आतल्या शिशाच्या प्लेटा झिजलेल्या असल्या तरी जेवढं चार्ज होतं त्यात अ‍ॅसिड घट्ट होऊ शकतं, म्हणजे डोळा हिरवा आणि बॅटरीत दम नाही, असंही होतं. मी स्वतः त्या डोळ्याकडे फक्त तो पांढरट किंवा पारदर्शक झालाय का हे बघायला बघतो. तसा झाला तर आतलं पाणी खाली गेलंय. तुम्हाला मात्र एक विचारतो: ज्या सकाळी टिकटिक झालं त्याच वेळी डोळा हिरवा होता, की केबल लावून, फिरून आल्यावर बघितलात? त्याच वेळी हिरवा असेल तर माझा पहिला संशय बॅटरीवर नाही, टर्मिनलवर, म्हणजे केबल जोडायच्या टोकांवर जाईल.

आता मुख्य मुद्दा. गाडी सेल्फ घेत नाही याचा अर्थ बॅटरी ‘उतरली’ असेल किंवा ‘संपली’ असेल. बोलताना लोक दोन्हीला ‘बॅटरी गेली’च म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. दिवसभर उपाशी माणूसही जिना चढताना धापा टाकतो आणि ऐंशीचा म्हातारासुद्धा. एकाला जेवायला घाला, तो ठीक होतो. दुसऱ्याला कितीही जेवू घाला, तिसऱ्या मजल्यावर तो थांबणारच. साडेतीन वर्षांची बॅटरी या दोन्हींच्या मधे कुठेही असू शकते.

तुमची गाडी उपाशी राहते का, ते हिशोबाने बघू. लोकांना वाटतं, सेल्फ मारण्यात बॅटरी खर्च होते. छोटं पेट्रोल इंजिन फिरवायला स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो खरा, पण सेकंदभरच. तेवढं भरून यायला फार वेळ लागत नाही. खाणारी गोष्ट वेगळी असते. बंद गाडीतही घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म, इंजिनचा कॉम्प्युटर थोडं थोडं पीत असतात. चांगल्या गाडीत हे ५० मिलिअँपिअरच्या आत असतं. ३० धरा, तरी दिवसाला पाऊण अँपिअर-अवर झाले. दहा दिवस गाडी हलली नाही तर सात गेले, म्हणजे तुमच्या ३५ पैकी पाचवा हिस्सा. त्यावर तुम्ही चार किलोमीटर जाता. एसी चालू, ब्लोअर चालू, पावसाळा असेल तर वायपर आणि लाइट, आणि अर्धा वेळ सिग्नलला आयडलवर, जिथे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं जनित्र) पूर्ण ताकदीने देतच नाही. बॅटरीच्या वाट्याला काय उरतं? दर आठवड्याला थोडी तूट, असं महिनोन्‌महिने. २०२०च्या लॉकडाऊननंतर माझ्या दुकानासमोर जी रांग लागली होती ती सगळी याच आजाराची होती.

उपासमार लांबली की ती म्हातारपणही आणते. डिस्चार्ज होताना प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केलं तर ते परत विरघळतं. तसंच पडून राहिलं तर त्याचे खडे घट्ट होतात आणि तेवढा भाग कायमचा कामातून जातो. याला आमच्यात ‘सल्फेट धरला’ म्हणतात. म्हणून अर्धी उतरलेली बॅटरी महिनाभर तशीच ठेवणं हे सर्वांत वाईट.

एक माझीच चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक गाडी घेऊन आले. बॅटरी तीन वर्षांची, व्होल्टेज ११.८. मी फार खोलात न जाता नवीन बसवून दिली. चौथ्या दिवशी सरांचा फोन, गाडी पुन्हा मेली. नवी बॅटरी चार दिवसांत कशी मरेल? घरी जाऊन बघितलं तर डॅशकॅम होता, बाहेर कुठेतरी बसवून घेतलेला, वायर थेट बॅटरीवर. गाडी बंद असतानाही तो जागाच. मीटर लावला तर पाव अँपिअर. पाव अँपिअर म्हणजे दिवसाला सहा अँपिअर-अवर, पाच-सहा दिवसांत ३५ची बॅटरी रिकामी. जुनी बॅटरी दुकानात पडली होती, ती रात्रभर स्लो चार्जिंगला लावली. ती मस्त निघाली. सर काही बोलले नाहीत, पण मी पैसे परत केले आणि त्या दिवसापासून मीटर लावल्याशिवाय नवीन बॅटरी विकत नाही. तुमच्याकडे डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, रंगीत लाइटच्या पट्ट्या असं काही आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर आधी तिकडे बघा. डिकीचा दिवा झाकण लावल्यावर खरंच विझतो का, तेही. मोबाइल व्हिडिओवर लावून डिकीत ठेवायचा आणि झाकण लावायचं, कळतं.

आता आवाजाचं. तुम्ही ‘टिकटिक’ लिहिलंय, ते उपयोगाचं आहे. भराभर टिकटिकटिक होत असेल आणि त्याबरोबर डॅशबोर्डचे दिवे मंद होत असतील, तर करंट पुरत नाही. बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच जोरात ‘टक’ आणि पुढे काहीच नाही, दिवे मात्र लखलखीत, तर स्टार्टरकडे बघा, त्याचा सोलेनॉइड (चुंबकी स्विच) किंवा कार्बन (ब्रश). अजिबात आवाज नाही आणि चावीचं चिन्ह लुकलुकतंय, तर इमोबिलायझरला (चोरीपासून वाचवणाऱ्या यंत्रणेला) चावी ओळखू येत नाही, त्यात बॅटरीचा दोष क्वचितच असतो. आणि इंजिन फिरतंय पण ‘घुर्र… घुर्र… घुर्र’ असं ओढत, दमल्यासारखं, रोज थोडं जास्त, ही म्हातारपणाची खूण. हा आवाज कान ओळखतो. तुमच्या गाडीचा चांगला आवाज तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा तुम्हीच तो आधी पकडाल.

पुढच्या परीक्षा घरी होतात. तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर आणा, पण सगळ्यात आधी बॉनेट उघडून टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर तिथेच निम्मा आजार. वर पांढरी किंवा निळसर-हिरवी पूड असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. धुताना ते पाणी सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत ही पूड दर पावसाळ्यात येते आणि त्यापायी कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात.

रात्री गाडी लावली, सकाळी कोणतंही दार न उघडता थेट बॉनेट उघडता येत असेल तर उत्तम. नसेल तर दार उघडून, बॉनेटची कडी ओढून, गाडी लॉक करून वीस मिनिटं थांबा. मग बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे पोट भरलेलं आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धं. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. फिरून आल्याआल्या मोजू नका, तेव्हा वरवरचं चार्ज दिसतं आणि सगळ्यांच्याच बॅटऱ्या तरुण वाटतात. आकडा १०.५च्या आसपास अडकलाय आणि चार्ज करूनही वर सरकत नाही, तर एक सेल मेलाय: सहातून एक गेला की हिशोब बरोबर तेवढाच येतो. अशा बॅटरीला काही करू नका, ती संपली.

मग गाडी चालू करून परत मोजा. १३.८ ते १४.५ मिळायला हवं. तेरापेक्षा कमी असेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा. आमच्यातले जुने लोक अजून त्याला डायनॅमोच म्हणतात. सतत १५च्या वर असेल तर रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडलाय आणि तो बॅटरी उकळतोय, नवीन टाकलीत तरी तीही उकळेल. फक्त हल्लीच्या काही गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरला मुद्दाम कमी-जास्त करतो, तिथे एकदा १२.७ दिसलं म्हणून घाबरू नका, लाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा. आणि एक गैरसमज: चालत्या गाडीत डॅशबोर्डवर लाल बॅटरीचं चिन्ह लागलं तर ते ‘बॅटरी बदला’ असं सांगत नाही. चार्जिंग बंद पडलंय असं सांगतं. एसी बंद करा, इंजिन बंद करू नका आणि जवळच्या इलेक्ट्रिशियनकडे जा. मात्र टेंपरेचरचा काटा वर जायला लागला तर लगेच थांबा, काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो.

तिसरी परीक्षा खरी. मीटर बॅटरीला लावून ठेवायचा आणि घरातल्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. इंजिन फिरत असताना आकडा खाली येतो. दहाच्या वर राहिला तर बॅटरी दमदार आहे. ९.६च्या खाली गेला, आणि बॅटरी आधी पूर्ण चार्ज केलेली होती, तर ती म्हातारी झाली. ‘पूर्ण चार्ज केलेली’ हे शब्द महत्त्वाचे. उपाशी बॅटरी या परीक्षेत नापास होणारच. बॅटरीच्या दुकानातलं ते हातात धरायचं मशीन, जे ‘बदला’ अशी चिठ्ठी छापून देतं, तेही उतरलेल्या बॅटरीवर चुकू शकतं. म्हणून तुमच्या बॅटरीवाल्याला एवढंच विचारा: चार्ज करून तपासली का?

तर चार्ज करायची. ३५च्या बॅटरीला साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. दोन तासांत ‘फास्ट’ करून देतो म्हणणाऱ्याकडे देऊ नका, प्लेटा तापतात. चार्ज झाल्यावर गाडीला न जोडता एक रात्र ठेवा, सकाळी मोजा, मग आणखी दोन दिवस तशीच ठेवून पुन्हा मोजा. १२.६ वरून १२.५ वर आली तर काही नाही. काहीही न जोडता १२.३च्या खाली घसरली तर ती आतल्या आत गळतेय. मग बदला, माझंही मत बॅटरीवाल्याच्या बाजूने. आणि टिकून राहिली, सेल्फच्या परीक्षेतही दहाच्या वर राहिली, तर बॅटरी निर्दोष आहे, आठवड्यातून एकदा गाडी पंचवीस-तीस किलोमीटर हायवेला न्या. ओझरपर्यंत जाऊन या, चहा प्या.

तुमच्या बॅटरीला झाकणं असतील तर हायड्रोमीटरने (आतलं द्रव किती घट्ट आहे ते मोजणाऱ्या नळीने) प्रत्येक सेल बघता येतो. सगळे सारखे कमी असतील तर उपाशी. पाच चांगले आणि एक बराच मागे, मीटरवर ०.०५० किंवा जास्त फरक, तर तो सेल गेला. यात एक लबाडी चालते, ती माहीत असावी. काही ठिकाणी जुन्या बॅटरीत वरून अ‍ॅसिड ओततात. हायड्रोमीटर खूश, गिऱ्हाईक खूश, आणि प्लेटा दोन महिन्यांत खलास. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं, अ‍ॅसिड उडून जात नाही. नळाचं पाणीही नको आणि बोअरचं तर मुळीच नको.

वय किती धरायचं? आपल्याकडे तीन ते पाच वर्षं. लोक म्हणतात थंडीत बॅटरी जाते. खरं तर ती उन्हाळ्यात मरते आणि थंडीत कळतं. बॉनेटखालची उष्णता आतलं पाणी उडवते आणि प्लेटांची जाळी खाते. साधारण दर दहा अंशांनी ही झीज दुप्पट होते असं धरतात, म्हणून नागपूर-चंद्रपूरकडची बॅटरी महाबळेश्वरच्या बॅटरीइतकी टिकत नाही. मग डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा खाली आला की ऑइल घट्ट, आतली रासायनिक क्रिया मंद, आणि मे महिन्यातच अर्धी मेलेली बॅटरी त्या सकाळी उघडी पडते. डिझेलवाले आधी येतात, त्यांच्या इंजिनला फिरवायला जास्त जोर लागतो आणि थंड इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लगही त्यातच खातात. तुमची साडेतीन वर्षांची आहे. परीक्षेत पास झाली तर ठेवा, पण पाचव्या वर्षात तिच्या भरवशावर रात्री घाट उतरू नका.

काही वेळा मात्र परीक्षा घेऊच नये. बॅटरीची बाजू फुगलीय, तडा गेलाय, खालच्या ट्रेमध्ये ओल आणि गंज आहे, किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतोय, तर चार्जिंगला लावू नका, केबलही लावू नका. आत हायड्रोजन असतो, एक ठिणगी पुरते. सरळ बदला आणि त्याच वेळी अल्टरनेटरचं व्होल्टेज बघून घ्या, कारण फुगण्यामागे बऱ्याचदा तोच असतो. केबल लावण्यावरून आठवलं: शेवटची काळी केबल तुमच्या मेलेल्या बॅटरीच्या खांबावर नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब लावायची. ठिणगी तिथे पडू दे. धक्का स्टार्ट तुमच्या मॅन्युअल गाडीला चालतो, ऑटोमॅटिकवाल्यांनी सोसायटीतली पोरं गोळा करून उपयोग नाही.

सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिथे एक फुकटचा इशारा मिळतो. बॅटरी थकली की गाडी आपोआप बंद व्हायचंच सोडून देते, सेल्फ अडखळायच्या कितीतरी आधी. लोक म्हणतात, बरं झालं, कटकट गेली. अशा गाडीत ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार बंद-चालू सोसणाऱ्या जातीची बॅटरी असते, तिच्या जागी साधी स्वस्तातली बसवली तर वर्षभरात परत याल. तुमच्या गाडीत हे नसावं, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

शेवटी बदलायचीच ठरली तर. जुन्या बॅटरीवरचा नंबर तसाच घ्या, त्यातलं शेवटचं एल किंवा आर अक्षरसुद्धा. ते चुकलं की टर्मिनल उलट्या बाजूला येतात आणि केबल पोचत नाही. जास्त अँपिअरची मोठी घेऊन फायदा नाही, उंच असेल तर बॉनेटला टेकते. बॅटरीवर बनवल्याचा महिना छापलेला किंवा कोरलेला असतो, दुकानदाराकडून तो वाचून घ्या. सहा महिन्यांपेक्षा जुनी नको, आणि बसवण्याआधी मीटरवर १२.५ तरी दिसू दे. वॉरंटीत पहिले काही महिने फुकट बदलून आणि पुढचे महिने किमतीत सूट, असे दोन भाग असतात. दुकानदार बेरीज करून सांगतो, तुम्ही पहिला भाग किती ते विचारा. जुनी बॅटरी घरी आणू नका, भंगारवाल्याला देऊ नका. त्यातलं शिसं परत वापरात येतं, २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि दुकानात तिचे पैसे वजा होऊन मिळतात.

बदलल्यावर घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन पुसले जातील. काही गाड्यांत ड्रायव्हरची काच एका झटक्यात वर जायची विसरते, बटण वर ओढून काच पूर्ण बंद झाल्यावर आणखी दोन-तीन सेकंद धरून ठेवलं की बहुतेक गाड्यांत ती परत शिकते. पहिल्या दिवशी आयडलला इंजिन थोडं वरखाली होईल, तेही एक-दोन फेऱ्यांत बसतं.